चहाची साठवण

आसामातील मळ्यांत खुडलेली चहाची पाने कारखान्यात मळून, तांबूस होऊ देऊन, शेवटी उष्ण हवेने वाळवितात. तेव्हा त्यांत पाण्याचा अंश सुमारे ३ टक्के उरतो. अशी कोरडी पत्ती भोवतालचा ओलावा व वास सत्वर शोषून घेते. ओलावा वाढला की सुगंध लोपतो. पुढे बुरशीही धरते. कागदी पिशव्यांतील चहा बहुधा बारीक चुऱ्याचा असतो. त्याचा अधिक पृष्ठभाग हवेच्या संपर्कात येत असल्यामुळे तो सुट्या पत्तीहून लवकर निःसत्त्व होतो. म्हणून दोन्ही प्रकारचा चहा घट्ट झाकणाच्या अपारदर्शक डब्यात, चुलीपासून व मसाल्यांपासून दूर ठेवावा. शीतकपाटातील थंड डबा उघडताच पत्तीवर दव जमते. तेथे तो ठेवू नये. ओला चमचाही डब्यात घालू नये; कारखान्यात परिश्रमाने घालविलेले पाणी त्यायोगे पत्तीत परत शिरते.