डावखुऱ्यांची रायफल: टंचाई, कायदा आणि किंमत

बोल्ट असलेली शिकारी रायफल उजव्या हाताच्या माणसासाठी घडवलेली असते. बोल्टची मूठ नळीच्या उजव्या बाजूला असते. डाव्या हाताने रायफल पेलायची आणि उजव्या हाताने बोल्ट उचलून मागे ओढायचा, म्हणजे रिकामे काडतूस उजवीकडे उडून पडते. मग बोल्ट पुढे ढकलला की नवे काडतूस नळीत बसते. जर्मनीच्या माउझर कारखान्यातून 1898 साली निघालेल्या रायफलीने ही रचना जगभर रूढ केली. नंतरच्या बहुतेक शिकारी रायफली याच वळणावर गेल्या.

डावखुऱ्या माणसाची इथेच अडचण होते. तो दस्ता डाव्या खांद्याला लावतो आणि डावा गाल दस्त्याच्या उजव्या अंगाला टेकवतो. बोल्ट चालवायला त्याला रायफलीवरून हात पलीकडे न्यावा लागतो, त्यात नेम मोडतो. रिकामे काडतूस तोंडासमोरून उडते. गाल टेकण्यासाठी दस्त्यावर ठेवलेला उंचवटा नेमका पलीकडच्या बाजूला राहतो. ज्यांचा हात उजवा पण नेमाचा डोळा डावा, अशा माणसांनाही हाच त्रास होतो. सगळी रचना आरशातल्यासारखी उलटी केली तरच रायफल डावखुऱ्याच्या हाती नीट बसते.

जगात साधारण दहांतला एक माणूस डावखुरा असतो. तरी डावखुऱ्या रायफली त्या प्रमाणात बनत नाहीत. मूठ दुसऱ्या बाजूला लावून काम भागत नाही. काडतूस बाहेर पडण्याची खाच, बोल्ट आणि ज्यात तो सरकतो तो पोलादी सांगाडा, सगळेच वेगळे घडवावे लागते. त्यासाठी यंत्रे नव्याने लावावी लागतात आणि तो खर्च थोड्या नगांवर विभागला जातो. अमेरिकेच्या सॅव्हेज कंपनीने 1958 साली 110 नावाचे मॉडेल आणले आणि पुढच्याच वर्षी त्याचा डावखुरा प्रकार काढला. मोठ्या संख्येने बनलेल्या डावखुऱ्या बोल्ट रायफलींत तो पहिला मानला जातो. पुढे रेमिंग्टन, वेदरबी वगैरे कंपन्याही या वाटेने आल्या. मात्र आजही डावखुरा प्रकार मोजक्याच मॉडेलांत आणि मोजक्याच बोअरमध्ये मिळतो. एखादे मॉडेल बंद पडले की त्याची डावखुरी रायफल फक्त जुन्या बाजारात उरते.

या जुन्या बाजारात गिऱ्हाईक थोडे आणि मालही थोडा. हव्या त्या बोअरची डावखुरी रायफल वर्षभर कुठे दिसत नाही. दिसली की ज्याला ती हवी आहे तो घासाघीस करत बसत नाही, कारण दुसरी कधी मिळेल याचा भरवसा नसतो. म्हणून बंद झालेल्या मॉडेलांची किंमत मूळ किमतीच्या वर जाऊ शकते. याची दुसरी बाजूही आहे. विकणाऱ्याला घाई असेल आणि त्याच वेळी डावखुरे गिऱ्हाईक भेटले नाही, तर तीच रायफल स्वस्तात द्यावी लागते, कारण उजव्या हाताच्या माणसाला तिचा उपयोग नाही.

भारतात ही टंचाई कायद्याने कैक पटींनी वाढवली आहे. 1980च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकासाठी परदेशी बंदुकांची आयात बंद आहे. परदेशातला मुक्काम संपवून कायमचे परतणाऱ्यांना काही अटींवर हत्यार आणता येते, आणि नामांकित नेमबाजांना खेळासाठी आयातीची सवलत आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये 2024 साली कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने 50 मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या पातळीच्या खेळाडूंना परदेशी रायफल मिळू शकते. बाकी सर्वांसाठी देशातल्या परदेशी रायफलींचा साठा चाळीस वर्षांपूर्वी होता तेवढ्यावरच थांबला आहे, आणि मोडतोड, गंज व जप्ती यांनी तो घटतच जातो. त्यामुळे माउझर, रिग्बी किंवा हॉलंड अँड हॉलंड अशा नावांना इथे मिळणारा भाव केवळ कारागिरीचा नसतो, तो बंद झालेल्या दाराचाही असतो. शिवाय दार उघडे होते त्या काळातही डावखुऱ्या रायफली नुकत्याच बनू लागल्या होत्या. त्यामुळे भारतात आलेले असे नग अगदीच थोडे.

देशी पर्याय आहे, पण तो उजव्या हाताचा. पश्चिम बंगालमधील इशापूरच्या सरकारी कारखान्याची .315 बोअरची रायफल परवानाधारकांत सर्वांत परिचित. ली-एनफिल्डच्या धाटणीच्या या रायफलीचा बोल्ट उजवीकडेच असतो. .303 हा लष्करी बोअर सामान्य नागरिकाला निषिद्ध असल्याने .315चे महत्त्व वाढले. काडतुसांचाही प्रश्न असतो. .315 आणि बारा बोअरची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतात. जुन्या विलायती बोअरची काडतुसे मात्र दुर्मिळ आणि महाग झाली आहेत. काडतूस मिळत नसेल तर नामांकित रायफलही भिंतीवर टांगण्यापुरतीच राहते. म्हणून जाणकार गिऱ्हाईक बंदुकीआधी काडतुसाची चौकशी करते.

या रायफली ज्या शिकारीसाठी बनल्या, तिचा खानदेशात जुना इतिहास आहे. 1819 साली जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीवर असताना अजिंठ्याच्या लेण्यांपर्यंत पोहोचला. 1825 साली भिल्ल पलटण उभारण्यासाठी खानदेशात आलेला जेम्स आउट्रमही शिकारी म्हणून गाजला. चाळीसगाव-कन्नड रस्त्यावरचा औट्रम घाट आणि गौताळा-औट्रमघाट अभयारण्य यांच्या नावांत तो आजही आहे. हा सारा काळ 1972च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने मागे टाकला. 1991च्या दुरुस्तीने हौशी शिकारीच्या परवान्याची उरलीसुरली तरतूदही काढून टाकली. आज खानदेशातल्या पाचोऱ्यात कोणाकडे शिकारी रायफल असली, तरी तिने शिकार करता येत नाही.

तरीही बंदुकीची गरज संपलेली नाही. पाचोरा, भडगाव, जामनेर भागात मक्याच्या आणि इतर उभ्या पिकांत रानडुकरे आणि रोही शिरले की एका रात्रीत शेत तुडवले जाते. 1972च्या कायद्याचे 11वे कलम अशा वेळी थोडी वाट ठेवते. दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी उभ्या पिकाला धोकादायक ठरला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी कारणे नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. 2022च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि नीलगाय, म्हणजेच रोही, याच अनुसूचीत आहेत. मारलेला प्राणी सरकारच्या मालकीचा होतो. शस्त्र परवाना वेगळा आणि ही परवानगी वेगळी. एक असली म्हणून दुसरी मिळाली असे होत नाही.

शस्त्र अधिनियम 1959 सालचा आहे. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची आणि संरक्षणासाठी वीस इंचांहून कमी नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीची त्यात स्वतंत्र दखल घेतली आहे. डावखुऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ही जमेची बाजू आहे. दुनळी बारा बोअरला बोल्टच नसतो. ती मधून मोडून भरली जाते आणि कोणत्याही खांद्याला लावता येते. दस्त्याला एका अंगाचा बाक दिलेला असेल तर तेवढा सुताराकडून बदलून घेतला की काम होते. एकनळी बंदुकीचेही तसेच. डावखुऱ्या रायफलीसाठी मोठी रक्कम मोजण्यापेक्षा हा उपाय स्वस्त आहे आणि रानडुकराच्या बंदोबस्ताला पुरेसाही आहे.

जुने हत्यार विकत घेताना व्यवहार दोन परवानाधारकांतच होऊ शकतो. घेणाऱ्याच्या परवान्यावर त्या प्रकारच्या हत्याराची नोंद हवी. विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवावे लागते आणि ठरलेली मुदत जाऊ द्यावी लागते. 2019च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडे ठेवता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. जास्तीची बंदूक एका वर्षात जमा करायची किंवा विकायची होती. त्यामुळे काही जुनी हत्यारे घराबाहेर पडली. पण दोनचीच मर्यादा असल्याने गिऱ्हाईकही निवडक झाले. आता आधीच दोन बंदुका असलेला माणूस मनात भरलेली तिसरी घेऊ शकत नाही. काहीजण हातची साधी बंदूक काढून दुर्मिळ बंदूक घेतात, आणि दुर्मिळ मालाचा भाव आणखी चढतो.

वारसाहक्काने येणाऱ्या बंदुकांची वाट वेगळी आहे. 2016च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, किंवा त्याने सत्तरी गाठल्यावर वा हत्यार पंचवीस वर्षे बाळगल्यावर, ते कायदेशीर वारसाच्या नावे करता येते. अर्थात वारसाला स्वतःचा परवाना काढावा लागतो. आजोबांची रायफल पेटीत तशीच पडून राहिली आणि परवान्याचे नूतनीकरण झाले नाही, तर घरात बिनपरवाना हत्यार ठेवल्याचा गुन्हा होतो. त्याला 2019नंतर किमान दोन वर्षांची कैद सांगितली आहे.

एकंदरीत जुन्या रायफलीचा चढा भाव तिच्या उपयोगातून आलेला नाही. बंद आयात, मर्यादित संख्या आणि हौस या तिन्हींनी मिळून तो चढवला आहे, आणि डावखुऱ्या रायफलीत या तिन्हींवर थोड्या उत्पादनाची भर पडते. संग्रहासाठी घेणाऱ्याला ही किंमत परवडत असेल. शेताच्या राखणीसाठी बंदूक हवी असणाऱ्याने मात्र नाव आणि दुर्मिळता बाजूला ठेवून काडतूस मिळते का, कागद नीट आहेत का आणि दस्ता खांद्याला बसतो का, एवढेच पाहावे.