दूरचित्रवाणीचे घड्याळ घराच्या हाती

संध्याकाळी सात ते रात्री साडेदहा हा मराठी घरांत मालिकांचा काळ. याच साडेतीन तासांत मुलांचा अभ्यास, स्वयंपाक, जेवण, आजी-आजोबांची औषधे आणि निजानीजही बसवायची असते. पुष्कळ घरांत हा तिढा मालिकेच्या बाजूने सुटतो. ताटे संचासमोर येतात आणि झोप शेवटचा भाग संपण्याची वाट पाहते.

याची किंमत साध्या हिशेबाने कळते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज ९ ते १२ तास झोप हवी, तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला ८ ते १०. सकाळच्या सत्रातील शाळेसाठी सहाला उठणाऱ्या लहान मुलाने रात्री नऊला झोपलेले असणे हे त्यातले किमान. दोन खोल्यांच्या घरात नऊची मालिका सुरू असताना ते कसे साधावे? शिवाय पडद्याकडे पाहत जेवणाऱ्याला पोट भरल्याचे भान उशिरा येते, ही गोष्ट वेगळीच.

संच बंद करा, असा उपदेश सोपा असतो. पण दिवसभर राबलेल्या माणसाची ती हक्काची करमणूक असते. तिला न दुखवता घड्याळ सोडवून घेण्याचा एक मार्ग आहे: कार्यक्रम त्याच्या वेळेस रेकॉर्ड करावा आणि आपल्या वेळेस पाहावा. हा विचार नवा नाही. अमेरिकेत घरगुती व्हिडिओ रेकॉर्डर कायदेशीर आहे की नाही, हा वाद तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८४ साली पाच विरुद्ध चार अशा मतांनी रेकॉर्डरच्या बाजूने निकाल लागला. त्या खटल्यात मुलांच्या कार्यक्रमांचे लाडके सूत्रधार फ्रेड रॉजर्स यांनी साक्ष दिली होती. कुटुंबे आपला कार्यक्रम रेकॉर्ड करून सोयीच्या वेळी मुलांना दाखवतात, याला त्यांची हरकत तर नव्हतीच. कुटुंबाने आपले पाहणे आपण ठरवावे, असेच त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने निकालपत्रात या साक्षीची दखल घेतली.

साहित्य आणि जोडणी

आज हे काम एक छोटा संगणक करतो. कार्यालयांतून निघालेला, आठ जीबी मेमरीचा जुना लहान संगणक पुरेसा होतो. त्याला तीन गोष्टी जोडाव्या लागतात: उपग्रहाचे संकेत घेणारा डीव्हीबी-एस२ ट्यूनर, एक टेराबाइटची हार्ड डिस्क आणि दूरचित्रवाणी संचापर्यंत एचडीएमआय केबल. ट्यूनर घेण्यापूर्वी तो लिनक्सवर चालतो याची खात्री करून घ्यावी. या कामात बहुतेक अडचणी तेथेच उद्भवतात.

संकेतांसाठी डीडी फ्री डिशची छत्री सर्वांत सोयीची. तिला मासिक शुल्क नाही आणि ज्या वाहिन्या कुलूपबंद नाहीत, त्या ट्यूनरला थेट घेता येतात. सह्याद्री वाहिनी येथे मिळते. हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असल्याने महाराष्ट्रातून छत्रीचे तोंड आग्नेयेकडे येते. सेट-टॉप बॉक्स आणि संगणक दोन्ही चालवायचे असतील, तर छत्रीवर दोन तोंडांचा एलएनबी बसवून दोन स्वतंत्र केबली आणाव्यात. मुसळधार पावसात संकेत क्षीण होतात. त्या दिवशीचे रेकॉर्डिंग तुटले तर दोष संगणकाचा नसतो.

संगणकावर टीव्हीहेडएंड हा मोफत प्रोग्राम घालावा. वाहिन्या शोधणे, वेळ नेमणे व रेकॉर्ड करणे ही कामे तो करतो. कार्यक्रमांचे वेळापत्रक संकेतांसोबत पूर्ण येत नसेल, तर घड्याळाची वेळ नेमावी आणि आधी पाच, नंतर दहा मिनिटे जास्तीची ठेवावीत. संचावर पाहण्यासाठी कोडी, तर घरातील वायफायवरून दुसऱ्या खोलीतील टॅबलेटवर पाहण्यासाठी जेलीफिन, हे दोन्ही प्रोग्रामही मोफत आहेत.

जागा किती लागते? साध्या वाहिनीचे संकेत सेकंदाला सुमारे २ मेगाबिट धरले, तर तासाला ९०० मेगाबाइट होतात. म्हणजे एका टेराबाइटमध्ये हजारावर तास. वीज? १५ वॅटचा छोटा संगणक दिवसरात्र चालला तर महिन्याला सुमारे ११ युनिट. ८० वॅटचा जुना मोठा डेस्कटॉप मात्र ५८ युनिट घेईल. म्हणून लहान संगणकच निवडावा. तो निजण्याच्या खोलीत ठेवू नये. पंख्याची घरघर आणि मिणमिणते दिवे रात्री त्रास देतात.

मर्यादा

सशुल्क डीटीएच आणि केबलच्या वाहिन्या कुलूपबंद असतात; त्या या संगणकाने रेकॉर्ड होत नाहीत. त्यांच्यासाठी कंपनीचा रेकॉर्डिंगची सोय असलेला बॉक्स घ्यावा लागतो. प्रसारणाचे स्वतःच्या खाजगी वापरासाठी केलेले रेकॉर्डिंग हा प्रसारण-हक्काचा भंग नाही, असे आपल्या कॉपीराइट कायद्याचे ३९वे कलम सांगते. ते इतरांना वाटणे वा विकणे मात्र त्यात बसत नाही.

मोबाइलवर केव्हाही सर्व काही दिसत असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. फरक असा, की तेथे एक भाग संपताच दुसरा आपोआप सुरू होतो आणि पुढे काय पाहावे हे सुचविणारे दुसरेच कोणी असते. घरच्या डिस्कवर आपण निवडून ठेवलेलेच असते आणि ते संपते.

कोठार आणि कुलूप

तरीही कोठार भरले की हात वारंवार जातो. हजार तासांची साठवण ही हजार तास पाहण्याची सोय ठरू नये. दोन वर्षांखालील मुलांना पडदा नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून अधिक नको, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ सालची शिफारस रेकॉर्डिंगलाही तितकीच लागू आहे.

म्हणून संगणक जोडण्याआधी घराने चार नियम ठरवावेत. जेवताना संच बंद. मुलांच्या झोपेच्या तासभर आधी पडदा नाही. जेलीफिनमध्ये प्रत्येकासाठी पाहण्याच्या वेळा बांधून देता येतात, त्याचा उपयोग करावा. दोन आठवड्यांत न पाहिलेले रेकॉर्डिंग पुसावे. आणि मोठ्यांनी आपली मालिका मुले शाळेत गेल्यावर, दुपारी किंवा सुटीच्या दिवशी पाहावी.

यांपैकी चौथा नियम सर्वांत कठीण. ‘आज काय झाले’ हे आजच कळावे, ही ओढ मोठ्यांनाच अधिक असते. पण नऊ वाजता घरातील दिवे मंद झाले, तर मुलांना झोपा म्हणून वेगळे सांगावे लागत नाही. मालिका दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजताही तितकीच रंगते. गेलेली झोप मात्र अशी साठवून ठेवता येत नाही.