रिलेत धावते ते बॅटन

मार्च 1951 मध्ये पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा आपल्या दिल्लीत, आजच्या मेजर ध्यानचंद राष्ट्रीय स्टेडियमवर झाल्या. मुंबईचे लेव्ही पिंटो यांनी तेथे 100 मीटर शर्यत 10.8 सेकंदांत आणि 200 मीटर 22 सेकंदांत जिंकून दोन सुवर्णपदके मिळवली. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्येही ते या दोन्ही शर्यती धावले. आशियाई स्पर्धेत 100 मीटरचे सुवर्ण त्यांच्यानंतर 2023 पर्यंत एकाही भारतीय पुरुषाला मिळाले नव्हते.

दिल्लीत 4 × 100 मीटर रिलेमध्येही पिंटो भारताकडून धावले. आशियातील सर्वांत वेगवान धावपटू आपल्या संघात होता. तरी सुवर्ण जपानला आणि रौप्य भारताला मिळाले.

असे होऊ शकते, कारण रिलेत वेळ बॅटनची मोजली जाते. बॅटन तीनदा हात बदलते. त्या काळी ते 20 मीटरच्या पट्ट्यात द्यावे लागे. आज हा पट्टा 30 मीटरचा आहे. घेणारा उशिरा सुटला तर दोघांचाही वेग तुटतो. फार लवकर सुटला तर बॅटन पट्ट्याबाहेर हाती येते आणि संघ बाद होतो. म्हणून घेणारा ट्रॅकवर खूण करतो. साथीदार त्या खुणेवर येताच तो सुटतो, हाक ऐकून हात मागे करतो आणि वळून पाहत नाही.

छात्रांनो, हाउसच्या संघात चार वेगवान धावपटू असतीलच. क्रीडादिनापूर्वी त्यांनी बॅटनबदलाचा सराव एकत्र किती वेळा केला, हेही मोजा.