परदेशस्थ कुटुंबे आणि अवयवदानाचा प्रश्न

आपल्या समाजातील कित्येक घरांतील मुलेमुली आज इंग्लंडात विद्यार्जनासाठी वा अर्थार्जनासाठी राहत आहेत. तेथील पगार, कर आणि घरभाडे यांची विचारपूस आपण आस्थेने करतो. परंतु तेथील कायद्याने प्रत्येक प्रौढ रहिवाशापुढे ठेवलेला एक गंभीर प्रश्न सहसा कोणाच्या ओठांवर येत नाही. तो प्रश्न मरणोत्तर अवयवदानाचा होय.

इंग्लंडात २०१९ साली संमत झालेला कायदा २० मे २०२० पासून अमलात आला. ज्या प्रौढाने नकार नोंदविलेला नाही त्याची संमती गृहीत धरावी, हे त्याचे तत्त्व. मृत्यूपूर्वी बारा महिन्यांहून कमी काळ तेथे राहिलेल्यांना मात्र तो लागू नाही. म्हणजे नुकताच गेलेला विद्यार्थी त्यातून वगळला जातो. पण वर्ष लोटले की तोच, भारताचे पारपत्र बाळगूनही, त्या कायद्याच्या कक्षेत येतो. तथापि गृहीत संमती म्हणजे सक्ती नव्हे. तेथील डॉक्टर आप्तांशी बोलतात, आणि आप्तांचा ठाम विरोध असल्यास सहसा दान घेतले जात नाही.

खरी अडचण येथेच आहे. तेथील आशियाई कुटुंबांत संमती देण्याचे प्रमाण गौरवर्णीय कुटुंबांहून बरेच कमी आहे. उलट मूत्रपिंडे निकामी होण्याचे प्रमाण त्यांच्यात अधिक. रक्तगट व पेशी यांचा मेळ समान वंशाच्या दात्याशी जमण्याचा संभव जास्त असल्याने या रुग्णांना दीर्घकाळ वाट पाहावी लागते. उचल करणारे पुष्कळ आणि ठेव ठेवणारे थोडे, अशी पेढी किती दिवस चालावी, हे व्यापाऱ्यांना सांगणे नलगे.

हा नकार कृपणतेतून येतो, असे आम्हांस वाटत नाही. नेत्रदान आपल्या घरांत परिचयाचे आहे, कारण तेथे श्वास थांबलेला असतो. मेंदूचा मृत्यू झाला असता यंत्राच्या साह्याने छाती हलत असते. त्या देहाला मृत म्हणण्यास आईचे मन धजत नाही. शिवाय मृतदेहात सूक्ष्म जीवांची उत्पत्ती होते, म्हणून दहनास विलंब नको, ही आपली श्रद्धा. या शंकांना उत्तरे आहेत. प्रत्यारोपणाशी संबंध नसलेले दोन डॉक्टर मृत्यूची परीक्षा करतात. देह सन्मानपूर्वक आप्तांच्या स्वाधीन होतो. आणि कागदपत्रांमुळे तेथे दहनास एरवीही काही दिवस लागतात. नाव नोंदविताना, आपल्या धर्मश्रद्धेविषयी आप्तांशी बोलावे, अशी इच्छाही नमूद करता येते. ब्रिटनमधील जैन व हिंदू मंडळींनी एकत्र येऊन याविषयी लोकशिक्षण चालविले आहे.

आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने आपण मानतो. अवयवदानात औषध आणि अभय दोन्ही सामावतात, असे आमचे मत आहे. तरीही ज्याची शंका फिटत नाही त्याला आम्ही दोष देणार नाही. आमचा आग्रह इतकाच की होकार असो वा नकार, तो घरात आधी उच्चारलेला असावा. अविवाहित मुलाच्या बाबतीत तेथील डॉक्टर हा प्रश्न आईवडिलांनाच विचारतात. दूरच्या रुग्णालयातून अवेळी दूरध्वनी यावा, आणि ज्याला कधी विचारलेच नाही त्याची इच्छा काही तासांत सांगावी लागावी, याहून कठीण प्रसंग कोणता? मृत्युपत्र वेळीच करून ठेवणाऱ्या आपल्या समाजाने हा एक प्रश्नही मुलांना वेळीच विचारून ठेवावा.