फटफटीवरचा अनुभव काय शिकवतो?

वाचकहो, मोटारसायकल, म्हणजे आपली फटफटी, आता खेड्यात नवलाईची राहिलेली नाही. दुधाच्या किटल्या डेअरीवर न्यायच्या तर फटफटी. आजारी माणसाला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचे तर फटफटी, आणि बाजाराला जोडीने जायचे तरी तीच. बैल विकत घेताना आपण त्याचे दात पाहतो, चाल पाहतो, चार दिवस औताला जुंपून पाहतो. फटफटीची मात्र किल्ली हातात आली की माणूस निघालाच! “त्यात शिकायचं काय? सायकल येते ना?” असे वर विचारतो.

हा प्रश्न किती महाग पडतो ते पहा. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, असे सरकारी अहवाल सांगतो. त्यांतली ७४,८९७ माणसे दुचाकीवरची होती. म्हणजे शंभरातली जवळजवळ पंचेचाळीस. ही माणसे बहुधा घरातली कर्ती माणसे असतात, हे निराळे सांगायला नको.

आता तुम्ही म्हणाल, “नवशिक्यांचं ठीक आहे. मी दहा वर्षं चालवतोय, मला काय होतंय?” आज या अनुभवाबद्दलच थोडे बोलायचे आहे.

अनुभव हा चांगला गुरू खरा. पण रस्त्यावर तो पुष्कळदा उलटा धडा देतो. समजा, एखादा गडी वळणावरच उसाच्या ट्रॉलीला मागे टाकतो. समोरून कोणी आले नाही, गडी सुखरूप सुटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केले, पुन्हा सुटला. असे पन्नास वेळा झाले की त्याचे मन सांगू लागते, की यात काही धोका नाही. वास्तविक धोका पन्नासही वेळा तेवढाच होता, फक्त समोरून एस.टी. आली नव्हती. या गड्याला अनुभव मिळाला, पण तो चुकीच्या सवयीचा मिळाला. दहा वर्षे चुकीची सवय गिरवली, तर दहा वर्षांनी ती पक्की होते, बरोबर होत नाही. पाटीवर उलटे अक्षर गिरवणाऱ्या मुलाचे काय होते, ते शिक्षक मंडळींना ठाऊकच आहे.

या बाबतीत अमेरिकेत एक मोठी पाहणी झाली होती. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस भागात मोटारसायकलींच्या नऊशे अपघातांच्या जागी स्वतः जाऊन तपास केला. त्याचा अहवाल १९८१ साली निघाला. अपघातात सापडलेल्या शंभर स्वारांतले ९२ जण रीतसर कुठेच शिकलेले नव्हते. कोणी स्वतःच शिकलेला, तर कोणी भावाकडून, मित्राकडून. दुसरी गोष्ट अशी, की रस्त्यावर चालवण्याचा सरासरी अनुभव जवळजवळ तीन वर्षांचा होता. पण अर्ध्याहून अधिक जणांना त्या विशिष्ट गाडीची ओळख पाच महिन्यांचीही नव्हती. म्हणजे गाडी बदलली की जुना अनुभव पुरा पडत नाही. मेहुण्याची नवी, जड, जोरकस गाडी मागून घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आणखी एक गोष्ट त्या अहवालात आहे. संकट दिसल्यापासून अपघात होईपर्यंत स्वाराला दोन सेकंदही मिळत नव्हते. त्या दोन सेकंदांत बहुतेकांनी मागचा ब्रेक करकचून दाबला, चाक घसरले, आणि पुढचा ब्रेक पुरेसा लावलाच नाही. दोन सेकंदांत माणूस विचार करीत नाही. हातापायांना जी सवय असेल तेच ते करतात. म्हणून ती सवय आधी लावून घ्यावी लागते. शिक्षण हवे ते यासाठी.

पुढच्या ब्रेकची भीती आपल्याकडे फार. “पुढचा दाबू नको, उलटशील!” असे प्रत्येकाला कोणीतरी सांगितलेले असते. खरी गोष्ट अशी, की गाडी थांबू लागली की तिचा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे चाक हलके होते. त्यामुळे थांबवण्याचे मोठे काम पुढचा ब्रेकच करतो. फक्त तो हिसक्याने दाबायचा नाही. लिंबू पिळताना जसा जोर हळूहळू वाढवतो, तसा वाढवायचा, आणि मागचाही जोडीला लावायचा. गाडी त्या वेळी सरळ हवी. वळणात, चिखलात, खडीवर किंवा पडलेल्या उसाच्या पाचटावर मात्र जोराचा ब्रेक कामाचा नाही. तिथे पोचण्याआधीच वेग कमी हवा. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना चाक न अडकू देणारा एबीएस ब्रेक सक्तीचा झाला, आणि लहान गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय आली. परंतु गावात जुन्या गाड्या पुष्कळ आहेत. आपल्या गाडीला काय आहे, ते गॅरेजवाल्याला विचारून घ्या.

आता वेगाचा हिशेब करू. शिक्षकांनी तो वर्गात जरूर घालावा. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर १७ मीटर तसेच गेले. पुढे कोरड्या डांबरी रस्त्यावर, चांगले ब्रेक नीट लावले तरी, थांबायला आणखी २३ मीटरच्या आसपास लागतात. एकूण ४० मीटर, म्हणजे कबड्डीची तीन मैदाने लांबीने एकापुढे एक ठेवावीत एवढे अंतर. वेग ३० असेल तर हेच सारे सुमारे १४ मीटरांत आटोपते. वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लावल्यानंतरचे अंतर चौपट होते. रात्री समोरचा उजेड डोळ्यांवर असताना, बिनदिव्याची ट्रॉली वीस मीटरवर दिसली तर काय होईल, ते मुलेच सांगतील.

मग शिकले की झाले का? तसेही नाही. केवळ प्रशिक्षण घेतल्याने अपघात घटतात, असे निरनिराळ्या देशांतील पाहण्यांतून ठामपणे सिद्ध झालेले नाही. कारण कौशल्याबरोबर घमेंडही येऊ शकते. कसरत जमली की ती दाखवावीशी वाटते. म्हणून तिसरी गोष्ट वृत्तीची. चांगल्या वृत्तीचा स्वार असे धरून चालतो, की समोरच्याने आपल्याला पाहिलेलेच नाही. हर्ट यांच्या पाहणीतही तेच आढळले. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींत तीनांपैकी दोन वेळा चूक त्या दुसऱ्या वाहनवाल्याची होती, आणि मोटारसायकल दिसलीच नाही हे त्याचे मोठे कारण. चूक त्याची असली तरी हाड आपलेच मोडते. म्हणून पाणंदीतून ट्रॅक्टर बाहेर येताना दिसला, की हात ब्रेकवर न्यावा. आणि दारू प्यालेल्या माणसाने किल्लीला हात लावू नये. त्या पाहणीतल्या प्राणघातक अपघातांपैकी जवळजवळ निम्म्यांत दारूचा संबंध होता.

हेल्मेट हाही वृत्तीचाच भाग आहे. अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर असे दिसले, की अपघात झाल्यास हेल्मेटमुळे मरणाचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. पण हनुवटीखालचा पट्टा लावलेला हवा, आणि मागे बसणाऱ्या कारभारणीच्या डोक्यावरही ते हवे. तिने पदर चाकात जाणार नाही असा खोचून बसावे.

पालकांनाही एक विनंती. गिअरच्या मोटारसायकलीला १८ वर्षे पुरी लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण दंडाची गोष्ट सोडा. पोरगा गाडी कशी चालवणार हे तो मागे बसून, तुमचे पाहूनच ठरवीत असतो.

तेव्हा येत्या रविवारी एक करा. मोकळ्या, सपाट जागेवर दोन दगड मांडा. प्रथम ताशी २० च्या वेगाने या, पहिल्या दगडाशी ब्रेक लावा, आणि दुसऱ्याच्या आत थांबता येते का पहा. जमले की वेग थोडा वाढवा. जोडीला जाणता माणूस असू द्या, डोक्यावर हेल्मेट असू द्या. आणि रोज घरी आल्यावर स्वतःला विचारा : आज मी नीट चालवली म्हणून सुखरूप आलो, की समोरून कोणी आले नाही म्हणून? हा प्रश्न विचारणाऱ्यालाच दहा वर्षांचा अनुभव कामी येतो.