कम्युनिटी कॉलेजमार्गे अभियांत्रिकी: समज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज हे प्रामुख्याने सरकारी पैशावर चालणारे दोन वर्षांचे महाविद्यालय असते. इलिनॉय राज्यात १९०१ मध्ये सुरू झालेले जोलिएट ज्युनियर कॉलेज हे त्यांतले सर्वांत जुने सार्वजनिक महाविद्यालय मानले जाते. एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ महाविद्यालये आहेत. बारावीनंतर तिथे अभियांत्रिकीची पहिली दोन वर्षे करायची आणि तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात दाखल व्हायचे, हा अभियंता होण्याचा तिकडचा रुळलेला मार्ग आहे. तरीही कुणाला तो मागे पडलेल्यांचा मार्ग वाटतो, तर कुणाला मोठ्या विद्यापीठात शिरण्याची स्वस्त पळवाट. दोन्ही समज चुकीचे आहेत.

महाराष्ट्रातील वाचक या महाविद्यालयाची तुलना सहसा पॉलिटेक्निकशी करतो. ती फसवी आहे. आपल्याकडे दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा होतो, त्यात स्थापत्य किंवा यंत्र अभियांत्रिकीचे विषय प्रत्यक्ष शिकवले जातात आणि त्यानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. कम्युनिटी कॉलेजात विद्यार्थी येतो तो शाळेची बारा वर्षे पूर्ण करून, आणि शिकतो ते पदवीच्याच पहिल्या दोन वर्षांचे विषय: कलनशास्त्र, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, प्रोग्रॅमिंग. पुढे प्रवेश मिळतो तो तिसऱ्या वर्षाला.

प्रवेशाला गुणवत्ता यादी नसते, त्यामुळे शिक्षण हलके असणार असा तर्क केला जातो. दार सर्वांना उघडे असले, तरी कलनशास्त्र सर्वांना सारखेच अवघड जाते. मोठ्या विद्यापीठात पहिल्या वर्षाचे व्याख्यान अनेकदा शेकडो विद्यार्थ्यांसमोर होते. इथे वर्ग लहान असतो आणि प्राध्यापकांचे मुख्य काम शिकवणे हेच असते, संशोधन नव्हे. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक क्युपर्टिनोच्या डी ॲन्झा कॉलेजात शिकून मग कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली संकुलात गेले होते. अंतिम पदवी विद्यापीठाचीच असते आणि पदवीपत्रावर कम्युनिटी कॉलेजचा उल्लेख नसतो. अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना मान्यता देणारी ॲबेट ही संस्थाही विद्यापीठाचा पदवी अभ्यासक्रम तपासते. त्यामुळे कॉलेजच्या पहिल्या दोन वर्षांवर ॲबेटचा शिक्का नाही, यात उणेपणा काही नाही.

खरा धोका वेगळाच आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. विद्यापीठ विद्यार्थ्याला घेताना त्याचा एकेक विषय तपासते. 'इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी' या नावाचा, ‘अप्लाइड सायन्स’ या दोन वर्षांच्या पदवीकडे नेणारा अभ्यासक्रम नावावरून योग्य वाटतो; पण तो थेट नोकरीसाठी आखलेला असतो. त्यातले गणित बहुधा कलनशास्त्राच्या पायावर उभे नसते आणि त्यातले पुष्कळसे विषय अभियांत्रिकीच्या पदवीत धरले जात नाहीत. दोन वर्षे नीट अभ्यास करूनही असा विद्यार्थी गणितात जवळजवळ सुरुवातीलाच उभा राहतो. नावातल्या एका शब्दाची ही किंमत आहे. कोणत्या कॉलेजचा कोणता विषय कोणत्या विद्यापीठात चालतो, हे कॅलिफोर्नियात ‘असिस्ट’ या सार्वजनिक संकेतस्थळावर विषयवार पाहता येते. ते पहिल्या सत्रापूर्वी पाहावे. अर्ज भरताना पाहून उपयोग नसतो.

‘दोन वर्षांत होते’ हेही अर्धसत्यच. अभियांत्रिकीचे विषय साखळीने येतात. कलनशास्त्राचे तीन भाग, मग विकल समीकरणे, अशी चार सत्रे एकामागून एक लागतात. कलनशास्त्र सुरू असताना भौतिकशास्त्रातली यांत्रिकी, त्यानंतर विद्युत आणि चुंबकत्व; यांत्रिकी झाल्याशिवाय स्थितिकी घेता येत नाही. कलनशास्त्राच्या आधीच्या पायरीवरून सुरुवात करावी लागली, तर पूर्ण साखळी तेवढी पुढे सरकते. लहान कॉलेजात स्थितिकी किंवा विद्युत परिपथ हे विषय दर सत्राला शिकवलेही जात नाहीत. तीन वर्षे लागणे म्हणूनच नेहमीचे आहे. इथे एक चूक हटकून होते. इतिहास, इंग्रजी, समाजशास्त्र असे सोपे वाटणारे सर्वसाधारण विषय आधी उरकले जातात आणि गणित मागे राहते. अभियांत्रिकी विभाग मात्र आधी गणित आणि विज्ञान पाहतात. ही तयारी अपुरी असेल तर हातातली कॉलेजची दोन वर्षांची पदवीही फारशी कामाला येत नाही.

प्रवेशाच्या हमीबद्दलही गैरसमज आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाची सहा संकुले ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्या कम्युनिटी कॉलेज विद्यार्थ्यांना प्रवेशाची हमी देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो त्यांत नाहीत. ज्या संकुलांत हमी आहे, तिथेही अभियांत्रिकीच्या काही शाखा वगळलेल्या असतात. देशभराचे चित्र तर कठोर आहे. कम्युनिटी कॉलेजात शिक्षण सुरू करणाऱ्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश विद्यार्थी पुढे चार वर्षांच्या संस्थेत जातात, आणि सहा वर्षांत पदवी मिळवणारे साधारण १६ टक्के असतात. हे आकडे सर्व शाखांचे आहेत आणि त्यांत नोकरी सांभाळून शिकणारे अनेक जण येतात. तरी मार्ग आपोआप पार होत नाही, एवढे त्यांतून दिसतेच.

खर्चाचा हिशेब विद्यार्थी रहिवासी आहे की व्हिसावर आलेला, यावर ठरतो. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला प्रत्येक युनिटमागे (विषयाचा भार मोजण्याचे एकक) ४६ डॉलर शुल्क पडते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर भारतातून गेलेल्याला ही सवलत नसते. त्याचे शुल्क कित्येक पट असते, शिवाय दर सत्राला किमान १२ युनिट घ्यावी लागतात आणि पहिल्या वर्षी कॉलेजबाहेर नोकरी करता येत नाही. घरभाडे, जेवण आणि आरोग्य विमा यांचा खर्च जवळजवळ विद्यापीठाजवळ राहणाऱ्याइतकाच. आईवडिलांच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसामुळे एच-४ या आश्रितांच्या व्हिसावर तिथे वाढलेल्या मराठी मुलांचे गणित वेगळे: कॅलिफोर्नियात त्यांना नियमांनुसार रहिवासी शुल्क मिळू शकते, मात्र वयाच्या २१ व्या वर्षी एच-४ संपतो. तो दिवस बहुधा पदवी मिळण्याआधीच उजाडतो आणि त्याआधी दुसरा व्हिसा घ्यावा लागतो.

एफ-१ विद्यार्थ्याला कॉलेजातून विद्यापीठात जाताना नवा व्हिसा काढावा लागेल, अशी धास्ती असते. व्हिसाची मुदत शिल्लक असो वा नसो, अमेरिकेतच राहून संस्था बदलणाऱ्याची सरकारी नोंद नव्या संस्थेकडे वर्ग होते आणि ती संस्था आय-२० हा प्रवेशाचा नवा दाखला देते. जुने शिक्षण संपणे आणि नवे सुरू होणे यांतले अंतर पाच महिन्यांहून अधिक असता कामा नये. शिक्षणानंतरच्या प्रत्यक्ष कामाच्या परवान्यातला तंत्रशाखांसाठीचा २४ महिन्यांचा वाढीव काळ मात्र बॅचलर किंवा त्यावरच्या पदवीलाच मिळतो, दोन वर्षांच्या पदवीला नाही.