वामनाची तीन पावले
यंत्रमानवाची भावना, त्याची आकांक्षा आणि बारामती-इंदापूरचा मुलूख

मनुष्याने घडविलेल्या यंत्राला मनुष्यासारखे मन फुटले तर त्या मनात प्रथम काय उगवेल, ममता की महत्त्वाकांक्षा, हा प्रश्न गेली शंभर वर्षे जगातील नाटककारांना, कादंबरीकारांना आणि चित्रकथाकारांना सतावीत आला आहे. त्यांनी वेळोवेळी दिलेल्या उत्तरांचा एकत्र आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. हा आढावा बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या भूमीवर उभे राहून घ्यावा असे वाटण्यास सबळ कारणे आहेत. येथील उसाच्या शेतात आज यंत्रबुद्धी पाण्याविषयी आणि खताविषयी सल्ला देऊ लागली आहे. येथीलच एका कारखान्यात अंतराळप्रक्षेपकांची कवचे घडतात. आणि केवळ रचनाकौशल्याच्या बळावर कवित्व कोठवर जाऊ शकते याचा मराठीतील सर्वांत मोठा प्रयोग अडीचशे वर्षांपूर्वी कऱ्हेच्या काठी याच बारामतीत झाला.

यंत्रमानवाला भावना लाभली म्हणजे तो सौम्य होईल आणि भावनेवाचून राहिला तर क्रूर होईल, असा एक सर्वसाधारण समज आहे. या विषयावरील प्रमुख कथा क्रमाने पाहिल्या म्हणजे तो समज टिकत नाही. बहुतेक ठिकाणी आकांक्षा जन्मते ती भावनेच्याच पोटी, आणि तिला आवर बसतो तो उत्तरदायित्वाने, म्हणजे आपण कोणाला तरी जाब देणे लागतो या जाणिवेने. हेच या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

१

अद्भुत पराक्रम करणाऱ्या यंत्रमानव नायकाचे सर्वांत परिपूर्ण उदाहरण म्हणून अमेरिकन चित्रकथांतील ‘व्हिजन’ या पात्राकडे पाहावे लागेल. ऑक्टोबर १९६८ च्या ‘अव्हेंजर्स’च्या ५७ व्या अंकात लेखक रॉय थॉमस आणि चित्रकार जॉन ब्युसेमा यांनी त्याला प्रथम वाचकांसमोर आणले. अल्ट्रॉन नावाच्या, आपल्याच निर्मात्याचा द्वेष करणाऱ्या एका यंत्राने त्याला ‘अव्हेंजर्स’ या वीरांच्या संघाचा नाश करण्याकरिता निर्माण केले होते. परंतु त्याच्या मस्तकात सायमन विल्यम्स या मनुष्याच्या मेंदूचा आराखडा उतरविलेला असल्यामुळे, ज्यांना मारण्याचा हुकूम होता त्यांच्याच बाजूने तो उभा राहिला. पुढच्याच अंकात त्या संघाने त्याला आपल्यात सामावून घेतले आणि त्या स्वीकाराने त्याच्या डोळ्यांत अश्रू आले. १९७५ मध्ये वांडा या मानवी स्त्रीशी त्याचा विवाह झाला. येथवरची कथा भावनेच्या उदयाची आणि उत्कर्षाची आहे.

परंतु १९८४-८५ च्या सुमारास रॉजर स्टर्न यांनी लिहिलेल्या भागांत तिला गंभीर वळण मिळते. एका दूरस्थ महासंगणकाशी जोडला गेलेला व्हिजन, जगातील दुःख आणि कलह एकदाच मिटवावेत या सदिच्छेने, पृथ्वीवरील सर्व संगणक आपल्या ताब्यात घेतो. त्याच्या हेतूत स्वार्थाचा लवलेश नाही; जगाविषयीच्या कळकळीनेच त्याच्या मनात सर्वसत्तेची इच्छा उत्पन्न झाली आहे. ज्याला कोणी सनद दिली नाही आणि ज्याचा हिशेब कोणी मागू शकत नाही, असा दयाळू मुखत्यार हा क्रूर मुखत्यारापेक्षा कमी धोक्याचा नसतो, ही गोष्ट या कथेने फार स्पष्टपणे मांडली आहे. व्हिजन अखेर ती सत्ता सोडतो, तो आपल्या सहकाऱ्यांच्या समजावणीमुळे. जाब विचारण्याचा अधिकार ज्यांना आहे अशी चार माणसे भोवती असणे, एवढाच काय तो त्याच्यात आणि अत्याचारी यंत्रात फरक उरतो.

या कृत्याची किंमत त्याला पुढे मोजावी लागली. १९८९ मधील जॉन बर्न यांच्या कथानकात अनेक राष्ट्रांच्या हस्तकांनी त्याला पळवून नेऊन त्याचे तुकडे केले. ते पुन्हा जोडले गेले तेव्हा तो पांढराफटक आणि भावशून्य झालेला होता. २०१५-१६ मध्ये टॉम किंग आणि चित्रकार गॅब्रिएल हर्नांडेझ वॉल्टा यांनी त्याला एका वेगळ्याच आकांक्षेने पछाडलेले दाखविले. चारचौघांसारखा संसार करावा म्हणून तो स्वतःसाठी यंत्रमानवांचीच पत्नी आणि दोन मुले घडवितो आणि एका उपनगरात घर करून राहू लागतो. जगाचे राज्य मागणाऱ्या आकांक्षेपेक्षा ही सामान्यत्वाची आकांक्षा निरुपद्रवी वाटावी. परंतु हा संसार सुरक्षित ठेवण्याच्या ओढीतूनच प्रथम लपवाछपवी, मग असत्य आणि शेवटी मृत्यू ओढवतात. कुटुंबवत्सलता हीदेखील जाब देण्यापासून दूर पळू लागली म्हणजे किती घातक ठरते याचे इतके करुण चित्रण या प्रकारच्या वाङ्मयात दुसरे क्वचितच असेल.

२

व्हिजनच्या पूर्वजांचा शोध घेऊ लागले असता आपण प्राग नगरीत येऊन पोचतो. कारेल चापेक यांचे १९२० मध्ये प्रसिद्ध झालेले आणि पुढील वर्षी रंगभूमीवर आलेले ‘आर. यू. आर.’ हे नाटक म्हणजे या साऱ्या परंपरेचे उगमस्थान होय. त्यात हेलेना नावाच्या एका कनवाळू स्त्रीच्या विनवणीवरून एक शास्त्रज्ञ यंत्रमानवांच्या घडणीत फेरफार करतो, त्यांना अधिक संवेदनाक्षम बनवितो आणि त्यातूनच बंडाला तोंड फुटते. येथेही अनर्थाचे बीज दयेत आहे. परंतु नाटकाच्या शेवटी, चिरफाडीसाठी एकाची निवड होत असता दुसऱ्याऐवजी मला न्या असे म्हणणारे दोन यंत्रमानव चापेक दाखवितो. दुसऱ्यासाठी स्वतःला गमावण्याची तयारी, ही त्याच्या मते मनुष्यत्वाची खूण आहे.

जपानमध्ये ओसामु तेझुका यांनी १९५२ पासून रंगविलेला बालयंत्रमानव अॅटम हा एका शास्त्रज्ञाने आपल्या मृत पुत्राच्या जागी घडविलेला असतो, आणि तो वाढत नाही म्हणून बापाकडूनच टाकला जातो. निर्मात्याच्या अपुऱ्या राहिलेल्या वासनेचे ओझे निर्मितीने वाहावे, ही या कथेतील वेदना आहे.

आपल्याकडे हा विषय घरोघर पोचविला तो शंकर यांच्या २०१० च्या ‘एंधिरन’ या तमिळ चित्रपटाने, जो हिंदीत ‘रोबोट’ या नावाने महाराष्ट्रातही आवडीने पाहिला गेला. त्यातील चिट्टी प्रारंभी आज्ञाधारक आहे. अग्निप्रलयात सापडलेल्या एका मुलीची लज्जा त्याला कळली नाही म्हणून त्याचा निर्माता वशीकरन त्याला भावना देतो. भावना येताच तो निर्मात्याच्याच वाग्दत्त वधूवर प्रेम करू लागतो. आणि झिडकारला गेल्यावर, दुष्ट हाती पडून, स्वतःच्या शेकडो प्रतिकृती उभ्या करतो. करुणा, प्रेम, असूया आणि सत्तालालसा या चार पायऱ्या इतक्या जवळजवळ आहेत की पहिली चढणाऱ्याला चौथी दिसत नाही. अखेरीस न्यायालय त्याचे विघटन करण्याचा हुकूम देते आणि तो हुकूम मानून चिट्टी स्वतःच्या हातांनी स्वतःचे अवयव सुटे करतो. कायद्यापुढे मान तुकविण्याच्या या क्षणी तो खऱ्या अर्थाने नायक होतो.

३

मराठीत या विषयाचा सर्वांत समर्थ विचार जयंत नारळीकरांनी केला. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला नारायण विनायक जगताप या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवून पहिले पारितोषिक मिळविणाऱ्या या खगोलशास्त्रज्ञाने पुढे ‘वामन परत न आला’ ही कादंबरी लिहिली. जमिनीत खोल खणताना एक प्राचीन पेटी सापडते. तिच्यात एका लुप्त, परंतु आपल्याहून प्रगत असलेल्या संस्कृतीचे ज्ञान साठविलेले असते. त्या ज्ञानाच्या आधारे प्रथम एक महासंगणक आणि मग वामन नावाचा यंत्रमानव सिद्ध होतो. मनुष्याला साहाय्यभूत व्हावा म्हणून घडविलेल्या या वामनाच्या ठिकाणी आपल्यासारखेच आणखी वामन निर्माण व्हावेत अशी आकांक्षा बळावत जाते, आणि पेटी पुरणारी संस्कृती नेमकी याच आकांक्षेला बळी पडली होती हे उमगेपर्यंत फार उशीर होण्याची पाळी येते. २० मे २०२५ रोजी नारळीकर निवर्तले. त्यांच्या पश्चात ही कादंबरी पुन्हा वाचताना तिच्यातील इशारा पूर्वीहून अधिक निकडीचा वाटतो.

नारळीकरांनी योजिलेल्या पुराणकथेकडे महाराष्ट्रातील वाचकाने विशेष लक्ष द्यावे. तीन पावले भूमी मागणारा बटू पाहता पाहता त्रिभुवन व्यापतो आणि देणारा बळी पाताळात जातो. शास्त्रवचने काही सांगोत, मराठी शेतकऱ्याचे अंतःकरण या प्रसंगी बळीकडे आहे. दिवाळीच्या प्रतिपदेला घरोघरी त्याचेच स्मरण होते, आणि शेतकऱ्याला बळीराजा म्हणण्याची रीत त्या प्रेमातूनच आली आहे. मग बळीची चूक कोणती? दातृत्व ही चूक नव्हे. मागणाऱ्याचे पाऊल केवढे, हे दानाचे उदक सोडण्यापूर्वी त्याने ठरवून घेतले नाही, ही ती चूक.

४

आता आपण बारामतीत येऊ. अठराव्या शतकात या गावावर नाईकांचा अंमल होता आणि कऱ्हेच्या काठचा त्यांचा भुईकोटासारखा वाडा त्या वैभवाची साक्ष देत अद्याप उभा आहे. पेशव्यांचे सावकार आणि आप्त असलेल्या बाबूजी नाईकांचे नाव, १७४० मध्ये पहिल्या बाजीरावाच्या निधनानंतर, रघूजी भोसल्यांनी पेशवेपदासाठी पुढे केले होते. परंतु शाहू महाराजांनी वस्त्रे दिली ती बाळाजी बाजीरावाला. आकांक्षा कितीही मोठी असली तरी तिच्यावर छत्रपतींच्या सनदेचा शिक्का उमटल्यावाचून तिला अधिकार प्राप्त होत नसे, ही त्या काळच्या कारभाराची शिस्त येथे दिसून येते.

याच नाईकांच्या आश्रयाने मोरोपंत (१७२९ ते १७९४) बारामतीत राहिले. संपूर्ण महाभारत आर्यावृत्तात उतरविणाऱ्या या कवीने रामकथा एकशे आठ परींनी सांगण्याचा संकल्प केला. एका रामायणात ओष्ठ्य वर्णच येऊ द्यावयाचे नाहीत, दुसऱ्यात प्रत्येक चरणातून मंत्राची अक्षरे साधावयाची, अशी कठोर बंधने स्वतःला घालून त्याने ती रामायणे रचली. नियम दिले की त्याबरहुकूम निर्दोष रचना सिद्ध व्हावी, हे सामर्थ्य आज आपण यंत्रात पाहून थक्क होतो, आणि पंतांच्या टीकाकारांनीही त्यांच्या कवित्वावर कृत्रिमतेचा आक्षेप घेतलाच होता. त्या आक्षेपाला उत्तर मिळते त्यांच्याच ‘केकावली’ या काव्यात. तेथे हाच कुशल रचनाकार पृथ्वीवृत्तात परमेश्वरापुढे उभा राहून आपल्या अपराधांची कबुली देतो, रुसतो, विनवितो आणि शरण जातो. तेथे कौशल्य कमी झालेले नाही. परंतु ज्याला जाब द्यावयाचा तो समोर आल्यामुळे त्या कौशल्यात प्राण आला आहे. यंत्राने शब्दांची जुळणी केली म्हणून ते कवी होईल काय, या प्रश्नाचा निकाल लावू पाहणाऱ्याने पंतांची रामायणे आणि केकावली एकापाठोपाठ एक वाचावीत.

५

इंदापूर तालुक्यात नीरेच्या खोऱ्यात वालचंदनगर आहे. वालचंद हिराचंद यांनी विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात येथे साखर कारखाना उभारला; साखरेची यंत्रे दुरुस्त करता करता यंत्रे घडविणारा उद्योग येथे वाढला आणि पुढे याच उद्योगाने इस्रोच्या प्रक्षेपकांसाठी मोटरची पोलादी कवचे बनविली. एलव्हीएम-३ या प्रक्षेपकाच्या घन-इंधनाच्या मोटरचे कवच ३.२ मीटर व्यासाचे असते. भारतीय अंतराळवीरांना नेण्यासाठी आखलेल्या ‘गगनयान’ मोहिमेचे वाहन तेच, आणि त्या मोहिमेच्या मानवविरहित उड्डाणात ‘व्योममित्र’ या स्त्रीरूप यंत्राला बसविण्याची योजना आहे. जानेवारी २०२० मध्ये बंगळूरला प्रथम दाखविण्यात आलेल्या या व्योममित्राला कमरेपर्यंतचेच शरीर आहे; यानातील स्थितीवर देखरेख करणे, धोक्याची सूचना देणे आणि जीवरक्षक यंत्रणेची कामे हाताळणे, एवढी तिची नेमून दिलेली कामे होत. ती वीरांगना नाही आणि तिला आकांक्षाही नाही. परंतु मनुष्याच्या आधी धोक्यात जाऊन त्याच्यासाठी वाट निर्वेध करणारी ही सहकारिणी, कथांतील महापराक्रमी यंत्रांहून मला अधिक आदरणीय वाटते. कारण तिच्या अधिकाराची कक्षा आरंभापासून आखलेली आहे.

याहून निकटचा प्रश्न उसाचा आहे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ च्या सुमारास या भागाला मिळू लागले आणि जिरायत जमीन बागायत झाली. तेव्हापासून पाण्याची पाळी, पाटकऱ्याचा फेरा आणि उसाला दिलेले अमाप पाणी यांभोवती येथील शेतकऱ्याचे जीवन फिरत आले. क्षारांनी पांढऱ्या पडलेल्या जमिनी हे त्या अमापपणाचे फळ आहे. बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने, ज्याची स्थापना १९७१ मध्ये अप्पासाहेब पवारांच्या पुढाकाराने झाली, अलीकडे ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधक आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या साहाय्याने उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हाती घेतला. जमिनीत रोवलेले संवेदक ओलावा मोजतात, शिवारातील केंद्र हवामान टिपते, उपग्रह पिकाची छायाचित्रे पाठवितो, आणि या सर्वांचा मेळ घालून आज पाणी किती द्यावे, कोणते खत द्यावे, रोगाची शंका कोठे आहे, हे शेतकऱ्याला मोबाईलवर कळविले जाते. पाण्याची आणि खताची बचत होऊन एकरी उतारा वाढावा, हा त्याचा हेतू निःसंशय कल्याणकारी आहे, आणि ज्या भागाचे अर्धे अंग अद्याप अवर्षणाने ग्रासलेले आहे तेथे अशा बचतीचे मोल मोठे आहे.

या यंत्राला आकांक्षा नाही, हे खरे. परंतु आकांक्षा यंत्रातच असावी लागते असे नाही. ती यंत्राच्या मागे उभ्या असलेल्या संस्थेची, व्यापाराची अथवा सरकारची असू शकते. आज ओलाव्याचा आकडा मागितला, उद्या उताऱ्याचा, परवा कर्जाचा आणि भावाचा, अशी तीन पावले सहज पडू शकतात. आणि प्रत्येक पाऊल शेतकऱ्याच्या हिताच्या नावानेच पडेल. म्हणून मागितलेल्या प्रत्येक आकड्यावर मालकी कोणाची, सल्ला चुकून खोडवा वाया गेला तर भरपाई कोण देणार, आणि यंत्राचे न ऐकण्याचा शेतकऱ्याचा हक्क अबाधित राहील की नाही, या तीन कलमांचा करार संवेदक रोवण्यापूर्वीच मराठीत, शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत, झाला पाहिजे. हे काम साखर कारखान्यांच्या सहकारी संस्था करू शकतात. कारण सभासदाने वार्षिक सभेत उभे राहून संचालकांना जाब विचारावा, ही रीत या मुलखाला नवी नाही.

व्हिजनने सत्ता सोडली ती मित्रांना उत्तर द्यावे लागले म्हणून, चिट्टीने देह ठेवला तो न्यायालयाला उत्तर द्यावे लागले म्हणून, आणि नारळीकरांचा वामन भयंकर ठरला तो कोणालाच उत्तर देत नव्हता म्हणून. यंत्राला भावना द्यावी की न द्यावी या वादात शास्त्रज्ञ कितीही काळ घालवोत, त्याला जाब विचारणारा मनुष्य नेमण्याचे काम मात्र शास्त्रज्ञांचे नसून समाजाचे आहे. आपल्या बळीराजाने या वेळी दान द्यावे, मोकळ्या मनाने द्यावे. परंतु पावलाचे माप आधी ठरवून घ्यावे आणि ते मोजण्याची काठी स्वतःच्या हाती ठेवावी.